सुलोचना म्हणजे कोणती? : रूबी मायर्सविषयी थोडं सविस्तर

जुईली

आमच्या घरात 'सुलोचना' म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढे सुलोचनादीदी लाटकर येतात, डोक्यावरून पदर घेतलेल्या. बाबांना सुलोचना चव्हाणांची लावणी आठवते. काळाने या दोघींच्या आधीची जी सुलोचना, ती कुणालाच आठवत नाही. गेल्या महिन्यात दादासाहेब फाळके पुरस्काराची यादी वाचताना आई १९७३ पाशी थांबली आणि म्हणाली, "बघ, दीदींना मिळाला होता." तो दीदींना नव्हता मिळाला. तो होता रूबी मायर्स या बाईंचा. देविकाराणींनंतर हा पुरस्कार मिळालेली ही दुसरीच स्त्री, आणि जन्माने आमच्या पुण्याची. तेव्हापासून तिच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. मनात साठलंय बरंच, म्हणून हा धागा.

रूबीचा जन्म १९०७ मध्ये पुण्यात, बगदादी ज्यू घराण्यात. मुंबईत ती टेलिफोन ऑपरेटर होती. तेव्हा एक्सचेंजमध्ये इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या मुली लागत, त्यामुळे तिथे अँग्लो-इंडियन मुलींचा भरणा असे. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमात काम करशील का म्हणून विचारलं, तर तिने चक्क नाही म्हणून सांगितलं. चांगल्या घरच्या मुलीने सिनेमात जायचं नाही, हा तेव्हाचा रिवाज. भवनानींनी पिच्छा सोडला नाही आणि अखेर ती तयार झाली. अभिनयाचा तिला काडीचाही अनुभव नव्हता. १९२५ मध्ये 'वीर बाला' आला आणि रूबी मायर्सची सुलोचना झाली.

पुढच्या वर्षी 'सिनेमा क्वीन', 'टायपिस्ट गर्ल' आणि 'टेलिफोन गर्ल'. शेवटच्यात ती पडद्यावर टेलिफोन ऑपरेटरच झाली. ही नावं जरा सलग वाचा. मूकपट म्हटलं की आपल्याला देवदेवता, सती, राक्षस आठवतात, कारण शाळेत आपण फाळक्यांपर्यंतच शिकतो. इथे मात्र पगार मिळवणारी, ऑफिसात जाणारी, शहरातली एकटी मुलगी पडद्यावर आली आहे, आणि ती साकारणारी खरोखरच ती नोकरी करून आलेली आहे. सुलोचना इतकी लाडकी होण्याचं कारण नुसतं देखणेपण नव्हतं, हे मला इथे पटलं.

१९२७ चा 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' तर वेगळाच. त्यात तिने आठ रूपं घेतली: माळी, पोलीस, हैदराबादी सद्गृहस्थ, रस्त्यावरचं पोर, सोनेरी केसांची युरोपियन बाई, केळी विकणारी म्हातारी, अट्टल पाकीटमार… आवाजाची मदत नसताना हे आठ जण वेगळे दाखवायचे म्हणजे चाल, खांदे, मान, हात एवढ्यावरच सगळं. दोन वर्षांपूर्वी अभिनयाचा गंध नसलेली मुलगी ही!

१९२८ मध्ये 'अनारकली'. लाहोरची ग्रेट ईस्टर्न फिल्म कॉर्पोरेशन याच कथेवर मोठा चित्रपट करत होती, त्यात सीतादेवी अनारकली. इकडे अर्देशिर इराणींच्या इम्पीरिअल कंपनीने आर. एस. चौधरींकडून आपली 'अनारकली' घाईने पूर्ण करून घेतली आणि आधी लावली. सुलोचनाची अनारकली गाजली, सलीम होता दिनशॉ बिलिमोरिया. मग 'माधुरी', मग १९२९ चा 'इंदिरा बी.ए.'. 'माधुरी'तला तिचा नाच एवढा लोकप्रिय होता की महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करताहेत अशी छोटी फिल्म दाखवली, तेव्हा तिला हा नाच आवाज भरून जोडला होता. तिचा पगार महिना पाच हजार रुपये झाला होता. मुंबईच्या गव्हर्नरपेक्षाही जास्त!

१४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिक थेटरला 'आलम आरा' लागला, आपला पहिला बोलपट. कंपनी इम्पीरिअलच, पण इम्पीरिअलची सर्वांत मोठी नटी त्यात नव्हती. नायिका होती जुबेदा. सुलोचनाला हिंदुस्थानी नीट बोलता येत नव्हतं.

बहुतेक लेख इथे येऊन "बोलपट आला आणि सुलोचना संपली" असं एका वाक्यात उरकतात. मला हे मान्य नाही, आणि धागा काढण्याचं खरं कारण हेच आहे. ती संपली नाही. तिने वर्षभर काम थांबवलं आणि ती हिंदुस्थानी शिकली. पंचविशीत, देशातली सर्वांत मोठी नटी असताना, पहिलीतल्या मुलीसारखी भाषा शिकायला बसली. आणि परत आली ती कोणत्या चित्रपटातून? १९३२ च्या बोलक्या 'माधुरी'तून. १९३४ मध्ये 'इंदिरा एम.ए.'. १९३५ मध्ये पुन्हा 'अनारकली'. १९३६ मध्ये 'वाइल्डकॅट'चा बोलपट 'बंबई की बिल्ली'. ज्या भूमिका तिने मुक्याने केल्या होत्या, त्या एकेक करून आवाजासकट परत केल्या. पगार पुन्हा पाच हजार, दाराशी शेव्हरोले गाडी, आणि स्वतःची 'रुबी पिक्स' ही संस्थासुद्धा. याला संपणं कसं म्हणायचं?

कॅम्पकर

जुईली, उत्तम लिहिलंत. मी पुणे कॅम्पातलाच. आमच्याकडे लोक 'लाल देऊळ' म्हणतात ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, डेव्हिड ससूनने बांधायला घेतलं आणि त्याच्या मागे १८६७ मध्ये पूर्ण झालं. ससून मूळचा बगदादचाच. रूबी मायर्स ज्या समाजातून आली त्याची पुण्यातली सर्वांत ठळक खूण म्हणजे ही इमारत. लहानपणापासून रोज तिच्यावरून जातो, पण मूकपटांची राणी याच समाजातली, हे आज कळलं.

ओवी

छान धागा. एक शंका. ज्यू म्हणजे आपले कोकणातले शनिवार तेलीच ना? मग ती मराठी बोलत असणार!

कॅम्पकर

ओवीताई, नाही. शनिवार तेली म्हणजे बेने इस्राएल. ते कित्येक शतकं कोकणात राहिलेले, घरची भाषा मराठी, आडनावं चेऊलकर, पेणकर अशी गावावरून. आपले नट डेव्हिड त्यातलेच, डेव्हिड अब्राहम चेऊलकर. 'आलम आरा' लिहिणारे जोसेफ डेव्हिडही त्यातलेच. बगदादी ज्यू व्यापारासाठी १८-१९ व्या शतकात आले. त्यांचं वळण अरबीकडून इंग्रजीकडे गेलं. धर्म एक, घरं वेगळी. म्हणूनच रूबीचं इंग्रजी पक्कं आणि हिंदुस्थानी कच्चं.

ओवी

धन्यवाद. म्हणजे त्याच चित्रपटाचा लेखक ज्यू आणि नायिका होऊ न शकलेली नटीही ज्यू, आणि दोघांमध्ये फरक फक्त घरात कोणती भाषा बोलत होते याचा. हे डोक्यातून जात नाहीये.

दादरकर

लेख आवडला, पण गव्हर्नरच्या पगाराचं वाक्य कृपया तपासा. हे वाक्य जिथे तिथे छापलेलं असतं आणि ते बरोबर नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या परिशिष्टात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार वर्षाला १,२०,००० रुपये लिहिलेला आहे, म्हणजे महिना दहा हजार. त्याआधीच्या १९१९ च्या कायद्यातली कमाल मर्यादा तर याहूनही थोडी वरच होती. सुलोचनाचे पाच हजार म्हणजे गव्हर्नरच्या निम्मे.

यात तिचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही. विशी उलटलेली, मागे कुणी नसलेली, कालपर्यंत टेलिफोनची वायर जोडणारी मुलगी गव्हर्नरच्या निम्मा पगार घेते ही गोष्ट खरी आहे, आणि खरी असून एवढी मोठी आहे. मग ती फुगवायची कशाला?

जुईली

दादरकर काका, मनापासून आभार. मी तीन ठिकाणी वाचलं म्हणून ते खरं धरलं. ते तिघे एकमेकांकडूनच घेत असणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मूळ लेख तसाच ठेवते म्हणजे तुमच्या प्रतिसादाचा संदर्भ लागेल. वाचणाऱ्यांनी कृपया काकांचा आकडा धरावा.

रीळ

मी फिल्म जतनाच्या कामात काही वर्षं होतो, त्यामुळे थोडी भर घालतो.

भारतात सुमारे तेराशे मूकपट बनले. त्यातले आज पूर्ण किंवा तुकड्यांत शिल्लक आहेत ते जेमतेम तीसेक. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भयंकर ज्वालाग्राही. जुनी झाली की चिकट होते, मग भुकटी. त्यातल्या चांदीसाठी रिळं विकलीही जात. बोलपट आल्यावर मूकपटाला बाजारात काही किंमत उरली नाही, मग ते जपून ठेवणार कोण? पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालय झालं १९६४ मध्ये, म्हणजे 'आलम आरा'नंतर तेहेतीस वर्षांनी. तोवर बहुतेक सगळं गेलं होतं. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, त्यात वाचलेल्यांपैकीही काही गेलं. 'आलम आरा'सुद्धा आज नाही.

जुईलीताईंनी आठ रूपांबद्दल लिहिलं, त्याविषयी एक तांत्रिक गोष्ट. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग ओळखत नसे. लाल ते काळं दिसे, निळं ते पांढुरकं. गालाला लाली लावली तर गालावर खळगा पडल्यासारखा दिसायचा. म्हणून चेहऱ्याला वेगळाच रंग थापत. त्या थराखाली चेहरा हलायला वाव कमी असे. अशा चेहऱ्याने केळीवाली म्हातारी आणि पोलीस वेगळे करून दाखवायचे हे फार अवघड काम आहे. आज ते पाहून कुणाला ठरवता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सातारची सून

माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, त्यांच्या वडिलांचं गावातल्या तंबूत एक ठरलेलं काम असे. पडद्यावर पाटी आली की उभं राहून मोठ्याने वाचायची, कारण बाकीच्यांना वाचता येत नसे. पाटीवर इंग्रजी, गुजराती, हिंदी असं काहीबाही असे. ते वाचून मराठीत सांगत, आणि सांगता सांगता पदरचं मीठमसाला घालत. त्यामुळे प्रत्येक गावात सिनेमा थोडा वेगळा होई. पेटी-तबलावाले पुढे बसलेले असत.

हे वाचताना वाटलं की सुलोचनाचा आवाज म्हणजे आमच्या गावात आजेसासूबाईंच्या वडिलांचा आवाज. तिच्या तोंडची वाक्यं तेच बोलायचे.

जुईली

सातारची सून, काय सांगितलंत! माझ्या अख्ख्या लेखापेक्षा हे मोठं आहे. मूकपटात भाषेची अडचण नव्हती असं आपण म्हणतो, पण अडचण होतीच. ती नटीच्या ऐवजी पाटी वाचणाऱ्याने उचलली होती. बोलपट आला आणि ते ओझं एका रात्रीत तिच्यावर आलं.

निशिगंध

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. सुलोचनाविषयी आदर आहेच. पण मूकपट-नटी म्हटलं की आपण १९१३ च्या दुर्गाबाई कामत आणि कमलाबाईंना विसरतो. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये फाळक्यांना बाई मिळेना म्हणून तारामती अण्णा साळुंके झाले, ही गोष्ट प्रत्येकाला पाठ असते. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी, हे सांगायचं राहून जातं. कमलाबाई गोखले म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. या मायलेकी रंगभूमीवरून आलेल्या. त्यांना कुणी नाव बदलायला सांगितलं नाही.

इथेच प्रश्न येतो. रूबी मायर्सची सुलोचना, रिनी स्मिथची सीतादेवी. ज्या मुली काम करायला पुढे आल्या त्यांची नावं पुसून त्यावर हिंदू नावं चढवली. पडद्यावर घरंदाज हिंदू नायिका हवी, पण घरंदाज हिंदू घरातून मुलगी पाठवायची नाही. यात त्या मुलींवर अन्यायच झाला ना?

जुईली

निशिगंध, कमलाबाईंबद्दल तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. तो उल्लेख माझ्याकडून राहिला.

नावाचा मुद्दा मलाही टोचतो. पण रूबीने ते नाव नुसतं सहन केलं असं मला वाटत नाही. तिने ते आपलं केलं, आणि संस्था काढली तेव्हा तिला नाव दिलं 'रुबी'. पडद्यावर सुलोचना, मालक म्हणून रूबी. माझ्या मते तिने दोन्ही ठेवली.

घरंदाजपणाबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं. ज्या भवनानींनी रूबीला आणलं, त्यांच्याच १९३१ च्या 'फरेबी जाल'मधून दुर्गा खोटे पहिल्यांदा पडद्यावर आल्या. शिकलेल्या, लाडांच्या घरातल्या. केवढा गहजब झाला! पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' आला आणि गहजब करणारे कौतुक करू लागले. दुर्गाबाईंना मराठी आणि हिंदी दोन्ही येत होतं. त्याच वर्षी रूबी शिकून परत येत होती. एकीला जन्माने मिळालं ते दुसरीने कष्टाने मिळवलं.

सूरदास

बोलक्या 'माधुरी'बद्दल एक गोष्ट इथे हवीच. त्यात पं. विनायकराव पटवर्धन होते. गंधर्व नाटक मंडळीतले, पलुसकरांचे शिष्य, ज्यांनी त्याच १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, तेच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, ते आलं १९३५ ला. जो पडद्यावर तो गळ्यानेच गायचा, माइक समोर, साजिंदे कॅमेऱ्याबाहेर दडलेले. भाषा नुकती शिकलेली एक नटी, आणि त्याच चित्रपटात विनायकबुवा! तिच्या धैर्याची मला कमाल वाटते.

दादरकर

जुईली, एक प्रश्न. तुझा मुद्दा मला पटतो, पण पूर्ण नाही. बोलपटाने संपवलं नाही म्हणतेस, मग १९३९ नंतर तिचं नायिका म्हणून काम का थांबलं? काहीतरी तर झालंच ना?

जुईली

काका, झालं, पण ते आवाजामुळे नाही. १९३३ पासून १९३९ पर्यंत ती आणि बिलिमोरिया एकमेकांबरोबरच काम करत होते. पडद्याबाहेरही जोडी होती. ती तुटली. त्याच सुमारास, १९३८ मध्ये, इम्पीरिअल बंद पडली. महिन्याच्या पगारावर नट ठेवणारे स्टुडिओ होते म्हणून पाच हजार मिळत होते. तो आधारच गेला, आणि वय होतं बत्तीस. हे शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अशोककुमारांचा जन्म १९११ चा. १९५८ च्या 'हावडा ब्रिज'मध्ये शेहेचाळिशीत ते मधुबालेचे नायक होते. आणि सुलोचना शेहेचाळिशीत काय करत होती?

१९५३ ला 'अनारकली' पुन्हा आला. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, ज्यांनी तिला 'इंदिरा एम.ए.'मध्ये नायिका केलं होतं. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं. अनारकली बीना राय. आणि सुलोचना सलीमची आई. १९२८ ला अनारकली, १९३५ ला अनारकली, आणि तिसऱ्या वेळी अनारकलीला सून म्हणून नाकारणाऱ्या घरातली बाई. मी तो चित्रपट मागच्या आठवड्यात फक्त तिच्यासाठी पाहिला. थोडेच प्रसंग आहेत. मुलासाठी ती बादशहाशी बोलते तेव्हा हिंदुस्थानी स्वच्छ आहे, उच्चार नेमके. वीस वर्षांपूर्वी शिकलेली भाषा. मला रडू आलं.

रीळ

हा प्रतिसाद जपून ठेवतोय. यापुढे 'अनारकली' तिच्यासाठी पाहीन.

मध्ये १९४७ चा 'जुगनू' राहिला. दिलीपकुमार-नूरजहाँचा. त्यात सुलोचना प्रौढ भूमिकेत होती. त्या चित्रपटावर मुंबई सरकारने बंदी आणली होती. कॉलेजातले वयस्क प्राध्यापक प्रेमबिम करतात हे तेव्हाच्या नीतिमत्तेला झेपलं नाही. १९२६ मध्ये ती टायपिस्ट म्हणून चालली, चाळिशीत कुणी तिच्यावर प्रेम केलेलं चाललं नाही.

ओवी

शेवट कसा झाला त्यांचा? एकाकी होत्या असं ऐकलं.

जुईली

ओवी, १० ऑक्टोबर १९८३ ला मुंबईत गेल्या. नायिकेचे दिवस सरल्यावरही अनेक वर्षं लहानसहान भूमिका करत राहिल्या, फाळके पुरस्कार मिळाला तेव्हा हयात होत्या, हे त्यातल्या त्यात बरं. २०१३ मध्ये भारतीय सिनेमाच्या शंभरीला टपाल खात्याने तिकिटं काढली त्यात त्यांचंही आहे. "एकाकी मृत्यू" या शब्दांनी प्रत्येक जुन्या नटीची गोष्ट संपवतात, म्हणून मी ते लिहायचं टाळलं. आयुष्य शहात्तर वर्षांचं होतं.

(आत्ता लक्षात आलं, लेखात 'ती' लिहिलं आणि इथे 'त्या'. विशीतल्या मुलीबद्दल लिहिताना 'ती'च येत होतं हाताला.)

सातारची सून

जुईली, कालपासून हा धागा वाचून आजेसासूबाईंची ट्रंक उघडली. खाली कापडात बांधलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या निघाल्या, थेटरात आण्या-दोन आण्याला मिळायच्या त्या. एक 'अनारकली'ची आहे. १९५३ ची नाही, जुनी. मुखपृष्ठ फाटलंय, पण सुलोचना आणि डी. बिलिमोरिया ही नावं वाचता येतात. आतल्या पानावर पेन्सिलीने आजेसासूबाईंचं माहेरचं नाव आहे. कागद हात लावला की तुटतोय. लॅमिनेट करून घेऊ का?

रीळ

ताई, नको! कृपा करून लॅमिनेशन नको, सेलोटेपही नको. गोंदाने कागद आणखी पिवळा पडतो आणि पुन्हा काढता येत नाही. आहे तशी सपाट ठेवा, वर-खाली आम्लविरहित कागद, कोरड्या जागी, उन्हापासून लांब. स्टेपलच्या पिना गंजल्या असतील तर स्वतः उपटू नका. दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचा वरून सरळ फोटो काढा, कोरी पानंसुद्धा. पेन्सिलीचं नाव अजिबात खोडू नका. पुण्याला येणं झालं तर लॉ कॉलेज रोडवरच्या संग्रहालयात दाखवा, ते अशा चोपड्या, पोस्टरं घेतात आणि नीट ठेवतात. द्यायची नसेल तर निदान त्यांच्याकडून पाहून घ्या.

सातारची सून

बरं झालं विचारलं, सकाळी दुकानात निघालेच होते. दिवाळीनंतर पुण्याला येणार आहे, तेव्हा घेऊन येईन. जुईली, तुम्ही याल का बरोबर?

जुईली

ताई, नक्की. आईलाही आणते.